कोयतीचं पाणी : खंडेनवमीआधी घरातली पाती कशी तयार करावीत

खंडेनवमीच्या सकाळी पाटावर मांडलेली कोयती. तिच्यावर गंज, गंजावर हळद, हळदीवर कुंकू आणि वर झेंडूचं फूल. असा थाट मी कितीतरी घरांतून बघते. दसरा झाला की त्याच कोयतीने कोणीतरी शहाळं तासायला घेतं, पातं घसरतं आणि मनगटावर येतं. मग म्हणायचं, कोयती बाधली.

आमची वाडी गुहागर तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. माड, पोफळी, थोडे हापूस, चार फणस. यजमान नोकरीपायी मुंबईला आणि मी इथे, त्यामुळे गेली २८ वर्षं अवजारं माझ्या ताब्यात आहेत. ती सांभाळायला शिकवली मामंजींनी. ते भिक्षुकी करायचे, वाडीही बघायचे, आणि एका हातात पोथी नि दुसर्‍या हातात कानस घेतलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. बाकीचं शिकवलं आमच्या लोहारकाकांनी. दोघांनी सांगितलेलं इथे उतरवून ठेवते. त्यात करायच्या कृती आहेत आणि पाळायच्या समजुतीही आहेत, कारण आमच्याकडे ही दोन्ही एकाच दोरीत वळलेली असतात.

सुरुवात पितृपक्षात करा. त्या पंधरवड्यात नवं अवजार कोणी विकत आणत नाही, म्हणून लोहारशाळा जरा निवांत असते. डागडुजीला पितृपक्ष आड येत नाही, ते काही नवी खरेदी नव्हे. घट बसले की मात्र भातकापणीचे विळे घेऊन सगळा गाव तिथे लोटतो आणि आपली कोयती ढिगाखाली जाते.

पहिल्या दिवशी काम एवढंच, की घरातलं प्रत्येक पातं खाली काढायचं. पडवीतली कोयती, माजघरातली विळी, गोठ्यातला गवताचा विळा, माळ्यावरची कुर्‍हाड, मासळीची सुरी, शिवणाच्या डब्यातली कात्री, पानाच्या डब्यातला अडकित्ता. नारळ सोलायची पहारही काढा, तिला धार नसली तरी टोक आहे. गेल्या वर्षी माझ्याकडे १७ नग निघाले. त्यातली दोन पाती घरात आहेत हेच मी विसरले होते, आणि विसरलेलं पातंच पायात जातं. मोजून झाली की एका गोणपाटावर धारा एकाच दिशेला करून मांडा आणि पोरंटोरं अंगणात पिटाळा.

आता पातं वाचायचं. फडक्याने पुसा, उन्हाकडे तोंड करून उभ्या राहा आणि धार डोळ्यासमोर सरळ धरा. धारेवर कुठे पांढरी चमक दिसली तर तिथे ती बोथट आहे. लागलेली धार उजेड परतवत नाही, तिथे काही दिसतच नाही. चमकेचे ठिपके म्हणजे खाचा. मग मूठ सैल दोन बोटांत धरून पात्याच्या पाठीवर खिळ्याने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक. फुटक्या मडक्यासारखा आला तर कुठेतरी चीर आहे किंवा मूठ आतून सुटली आहे.

खाचांवरून मामंजी वराहमिहिर काढायचे. सहाव्या शतकातल्या त्या ज्योतिषाच्या बृहत्संहितेत तलवारीच्या लक्षणांवर अख्खा अध्याय आहे. ५० अंगुळं लांब ती उत्तम तलवार, २५ अंगुळांची ती सर्वांत लहान. पात्यावरचा व्रण, म्हणजे डाग किंवा खाच, विषम अंगुळावर पडला तर अशुभ. मी कोयतीवर अंगुळं मोजून पाहिली आहेत, खोटं कशाला बोलू. पण माझा अनुभव असा की शहाळं तासताना खाच समावर असो की विषमावर, अडकते सारखीच.

गंज

आमच्याकडचा गंज देशावरच्या गंजासारखा नसतो. खार्‍या वार्‍यातलं मीठ पात्यावर बसतं, मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि रात्रीतून लाल भुकटी तयार. पायाखालचा जांभा लाल आहे तोही लोखंडाच्या गंजानेच. लोखंडाला मोकळं सोडलं तर ते पुन्हा जांभ्याकडेच निघतं.

वरवरचा गंज असेल तर चुलीची चाळलेली राख, थोडं खोबरेल आणि नारळाची शेंडी. पात्याच्या लांबीने घासा, आडवं नको. शेंडी धारेवरून नेहमी मुठीकडून टोकाकडे न्या आणि बोटं पाठीच्या बाजूला ठेवा. गंज जुना असेल तर चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचं दाट पाणी लावायचं. आंबटाने गंज सुटतो. अर्धा तास, फार तर तासभर. मी एकदा रात्रभर ठेवून दिली, लवकर काम होईल म्हणून. सकाळी गंज गेला होता, पण पात्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. तासाभराने धुवा, लगेच कोरडी करा आणि चुलीच्या उबेला पाच मिनिटं धरा म्हणजे सांध्यातलं पाणीही जाईल. मग खोबरेलाचा पुसट हात.

विळीचं पातं काळंनिळं झालेलं असतं त्याला हात लावू नका. केळफूल, कच्ची केळी, फणसाची कुयरी चिरून चिरून आलेला तो रंग आहे आणि त्याच्याखाली गंज कमी धरतो. नव्या सुनेने आल्या आल्या विळी घासून लख्ख केली की आमच्या सासूबाई कपाळाला हात लावायच्या. त्या नव्या सुनांतली एक मी.

पाणी

या भागाला घाई करू नका.

काही वर्षांपूर्वी लोहारकाका आजारी होते, म्हणून मी मामंजींची कोयती शहरातल्या एका दुकानात धार लावायला दिली. दोन मिनिटांत काम झालं. ठिणग्यांचा फुलबाजा उडाला, धार अशी की हातावरची लव उतरावी. फक्त धारेला लागून एक निळसर-जांभळी रेघ उमटली होती. मला ती देखणी वाटली. दुसर्‍या दिवशी तिसर्‍या शहाळ्याला धार मुडपली. पुन्हा लावली, पुन्हा मुडपली. काका बरे झाल्यावर कोयती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती रेघ बघितली, पातं पालथं केलं आणि एवढंच म्हणाले, "वयनी, हिचं पाणी उतरवलंनीत."

पाणी म्हणजे पात्याचा कडकपणा, तो तापवून बुडवून दिलेला असतो. फिरत्या चाकावर धार कोरडीच दाबली की ती तापते आणि तापली की दिलेलं पाणी निघून जातं. निळा रंग ही त्याची खूण. तेव्हा पहिला नियम : मशिनवर धार लावून घ्यायचीच असेल तर समोर उभ्या राहा आणि पातं दर दोन फेर्‍यांनी पाण्यात बुडवायला लावा. पातं हाताला सोसवेनासं झालं की थांबवा. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

पाणी परत द्यायचं तर लोहाराकडेच जावं लागतं. ते घरी करायचं काम नव्हे, पण बघून ठेवावं, म्हणजे आपल्या पात्याचं काय होतंय ते कळतं. त्या दिवशी काकांनी दाराला गोणपाट टांगलं आणि लोहारशाळा अंधारी केली. मी विचारलं, भर दुपारी अंधार कशाला? "उजेडात जाळ खोटं बोलतो." लोखंडाचा रंग उन्हात फिका दिसतो आणि ते जास्त तापवलं जातं, असा त्याचा अर्थ. भाता आता विजेच्या पंख्याचा आहे, पण ऐरण त्यांच्या आजोबांची. तिच्यावर पाय ठेवायचा नाही आणि रिकाम्या ऐरणीवर घण मारायचा नाही. मारलाच तर तो उसळून तोंडावर येतो, त्यामुळे ती समजूत मोडायला कोणी धजावत नाही.

त्यांनी फक्त धारेची बाजू निखार्‍यात ठेवली. पातं आधी काळं, मग अंधूक लाल, मग पिकल्या रातांब्याच्या रंगावर आलं. त्याहून किंचित उजळ झालं तेव्हा त्यांनी तारेला बांधलेलं एक जुनं लोहचुंबक जवळ नेलं. ते चिकटलं नाही. साधारण ७७० अंशांवर लोखंड चुंबकाला ओळख देईनासं होतं. त्यानंतर पातं क्षणभर आणखी जाळात, मग सांडशीत धरून दगडी दोणीत. दोनच बोटं धार आत, पाठ बाहेर. चर्र आवाज झाला, वाफेत काकांचा चेहरा दिसेना. बाहेर काढलं की लगेच दगडाच्या तुकड्याने धारेजवळ घासून पांढरं केलं आणि मला म्हणाले, आता डोळं मिटू नका.

पाठीत राहिलेली ऊब धारेकडे सरकायला लागली आणि तिच्यासोबत रंग सरकले. आधी वाळल्या पेंढ्याचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट. जांभळा धारेला शिवतोय असं दिसताच अख्खं पातं पाण्यात. पिवळ्यावर थांबवलं असतं तर धार अधिक कडक झाली असती, पण करवंटीवर आपटून टवका उडाला असता. निळ्यापर्यंत जाऊ दिलं असतं तर पुन्हा मऊ. पिवळा रंग सुमारे २२० ते २३० अंशांवर येतो आणि निळा ३०० च्या आसपास. एवढ्या ७०-८० अंशांतच सगळा खेळ. काकांनी थर्मामीटर कधी पाहिला असला तर तो तापाचा.

हे 'पाणी देणं' किती जुनं आहे बघा. वराहमिहिर पात्याला द्यायच्या पाण्याचे प्रकार सांगतो तेव्हा 'पायितम्' हा शब्द वापरतो, म्हणजे पाजलेलं. पातं पितं. ऐश्वर्य हवं तर रक्त पाजा, गुणी मुलगा हवा तर तूप, अक्षय धन हवं तर पाणी. आणि एक कृती अशी की केळीची राख ताकात कालवून दिवसभर ठेवा, त्यात पातं विझवा, मग नीट धार लावली तर ते दगडावरही मोडत नाही आणि दुसर्‍या लोखंडावरही बोथट होत नाही. केळी परसात, ताक घरात, म्हणून मी हौसेने काकांना विचारलं, करायचं का? "ताक कोयतीला कशाला पाजताव, मला द्या की."

तेव्हापासून मी आमच्या बोलण्यातलं हे पाणी मोजू लागले. आपण माणसाचं पाणी जोखतो, वेळ आली की पाणी दाखवतो, पाणीदार म्हणतो. 'आब राखणे' यातला आब फारसीतून आला, तिकडे त्याचा अर्थ पाणीच आणि पात्याची झळाळीही. मला वाटतं, लोहारशाळेतूनच हे शब्द आपल्या घरात आले असावेत नि आपण ते विहिरीच्या पाण्याशी जोडून मोकळे झालो.

काकांच्या तोंडी पोलादाला शब्द आहे तिखं. तिखं म्हणजे तीक्ष्ण. जुन्या रसशास्त्रात लोहाचे तीन प्रकार सांगतात, मुंड, तीक्ष्ण आणि कांत, त्यातलंच हे तीक्ष्ण. मामंजींची कोयती अशी की अंग मऊ लोखंडाचं आणि धारेत तेवढं तिखं जोडलेलं. घासून स्वच्छ केली की धारेपासून बोटभर वर एक वाकडी रेघ दिसते, समुद्र ओसरल्यावर पुळणीवर उरते तशी. तुमच्याकडच्या जुन्या पात्यावर ती दिसली तर कानस जपून चालवा. तिखं संपलं की कोयती संपली, पुढे नुसतं लोखंड. हल्लीच्या कोयत्या ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून काढतात, त्या पाठीपासून धारेपर्यंत पोलादाच्याच असतात आणि उत्तम चालतात. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही.

पुतण्याने मध्यंतरी ऑनलाइन 'दमास्कस' सुरी मागवली, लाटालाटांची नक्षी असलेली. त्याला वाटलं परदेशी माल. आज विकतात त्या बहुतेक सुर्‍या दोन तर्‍हांच्या पोलादाचे थर ठोकून आणि मग आम्लाने उठाव देऊन केलेल्या असतात. मूळची दमास्कसची नावाजलेली पाती मात्र आपल्या दक्षिणेतल्या पोलादाची. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूडफाटा घालून ते गाळायचे, सावकाश निवू द्यायचे, आणि त्याच्या वड्या जहाजाने पश्चिमेला जायच्या. इंग्रजांनी त्याला वूट्झ म्हटलं, बहुधा कानडी 'उक्कु'वरून. ती नक्षी आतली असायची, वरून काढलेली नव्हे. पुतण्याची सुरी कांदा बरा चिरते. फणसाला दिली नाही अजून.

धार

घरी लावायची धार साधी असते. चपटा दगड घ्या, एक बाजू खरखरीत, एक बारीक. पूर्वी कुरुंदाचा यायचा, आता बाजारात मिळतो तोही चालतो. दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही, आणि स्वतः पाटावर बसा, मांडीवर दगड नको. पात्याची पाठ दगडापासून किती उचलायची हेच खरं गणित. सुरीला करंगळी शिरेल इतकी. कोयतीला अंगठा शिरेल इतकी, कारण तिला घाव घालायचा आहे आणि फार पातळ धार करवंटीला टिकत नाही. दगडावर पाणी शिंपडत राहा. एका बाजूने दहा-बारा हात झाले की दुसर्‍या बाजूला, धारेच्या उलट अंगाला, अंगठा आडवा फिरवा, लांबीने नाही. बारीक करकरीत कड लागली की ती बाजू झाली. मग पातं उलटा. शेवटी बारीक बाजूवर हलके दोन-तीन हात आणि जुन्या चामडी पट्ट्यावर पुसल्यासारखे चार. विळीला दगडच हातात घेऊन फिरवावा लागतो. पाटावर पाय घट्ट ठेवून, खालून वर. खवणीच्या दातांना दगड लावू नका.

भात कापायच्या दातेरी विळ्यालाही दगड लावू नका. पाहुण्या आलेल्या नणंदेच्या मुलाने मोठ्या प्रेमाने माझे तीन विळे गुळगुळीत करून दिले होते. दात लोहारच छिन्नीने पाडून देतो.

मूठ सैल असेल तर पाचर ठोकून दिवस काढू नका. ती काढा, पात्याचं मुठीत जाणारं टोक तापवा, नव्या लाकडात आधी पाडलेल्या बारीक भोकात ते गरमच ठोका, लाकूड आतून जळून आपली जागा करून देतं. तोंडाला शेंबी, म्हणजे धातूचं कडं, हवीच, नाहीतर मूठ चिरते. लाकूड शिवणाचं किंवा फणसाचं, वर्षभर वाळलेलं. मूठ हा शब्द आमच्याकडे दिवेलागणीनंतर हळू आवाजातच बोलतात, कारण मूठ मारतात ती वेगळी.

पूजा

अष्टमीच्या रात्रीपर्यंत सगळं कोरडं, धारदार, तेल पुसलेलं असायला हवं. नवमीला सकाळी पाट, त्यावर तांबडं वस्त्र, खाली चार रेघांची रांगोळी. पाती पाटावर आडवी मांडायची, धार घरातल्यांकडे नको, भिंतीकडे. गंध, अक्षता, हळद-कुंकू पात्याच्या पाठीकडे लावायचं, धारेला नाही. एक तर बोट कापतं आणि दुसरं, ओलं कुंकू धारेवर राहिलं की दुसर्‍या दिवशी तिथेच गंज. झेंडूच्या माळा, नारळ, आणि गोडाचं जे असेल ते. पांडवांनी अज्ञातवासात शमीच्या झाडावर शस्त्रं ठेवली होती ती गोष्ट मुलांना सांगायला हीच वेळ. मामंजी विश्वकर्म्याचे पाच मुलगे मोजून दाखवत, लोखंडाचा मनू, लाकडाचा मय, तांब्याचा त्वष्टा, दगडाचा शिल्पी आणि सोन्याचा विश्वज्ञ. मग गाऱ्हाणं घालत. त्यात घरच्या माणसांआधी लोहाराचं नाव असे.

खंडा म्हणजे तलवार, पण आमच्याकडे तलवार नाही. शेजारच्या वाडीत एका घरी आहे, लांब सरळ पात्याची. ते तिला फिरंग म्हणतात, आणि नाव बरोबर आहे. पोर्तुगिजांच्या काळात या किनार्‍यावर युरोपातली पाती उतरायची, त्यांना मराठी मूठ बसवली की झाली फिरंग. शत्रूच्या मुलखातलं पातं, पण पूजेला बसलं की ती देवी. तुमच्याकडे असं जुनं काही असेल तर त्याला चिंच, राख, मशीन यातलं काहीही लावू नका. कोरडं फडकं आणि तेलाचा हात, बस. घासून चमकवलेल्या जुन्या तलवारीची किंमतही जाते आणि कहाणीही.

नवमीला एकही पातं वापरायचं नाही. म्हणून भाजी अष्टमीलाच चिरून ठेवा, किंवा डाळीवर भागवा.

पाळायचं काय, सोडायचं काय

सुरी हातातून हातात देऊ नये, भांडण होतं. खाली ठेवावी, दुसर्‍याने उचलावी. हे मी पाळते नि पाळायला लावते. कात्री रिकामी चालवू नये, हेही. विळी वापरून झाली की आडवी पाडावी, उभी विळी घरात भांडण आणते. भांडणाचं माहीत नाही, पण उभ्या विळीवर रांगतं मूल पडलेलं मी पाहिलंय. वराहमिहिराची यादी बघा : तलवार कारणाशिवाय उपसू नये, आपटू नये, तिच्यात तोंड बघू नये, तिची किंमत सांगू नये, कुठली आहे ते सांगू नये, मापू नये, अशुद्ध असताना शिवू नये. पंधराशे वर्षांपूर्वीच्या राजाला दिलेले नियम आणि सासूबाईंनी मला दिलेले नियम शेजारी शेजारी ठेवले तर सासूबाईंचं पारडं थोडं जड होईल, कारण त्यांनी किंमत विचारायला मनाई केली नाही.

शनिवारी लोखंड विकत आणू नये, हे मी पाळते, कारण आमचा बाजार शनिवारी नसतोच. बाळंतिणीच्या उशाशी कोयती किंवा विळा ठेवतात, पाचवीला सटवाईच्या पूजेत पाट्या-वरवंट्याशेजारी तो मांडतात. लोखंडाला भूतखेत बिचकतं म्हणून. ठेवा हवं तर, पण फडक्यात गुंडाळून आणि बाळाच्या हाताबाहेर. नाळ मात्र दवाखान्यातल्या निर्जंतुक कात्रीनेच कापायची, तिथे घरच्या कोयतीचा मान राखत बसू नये.

कोहळ्याला पहिला घाव पुरुषाने घालायचा, बाईने नाही. कोहळा म्हणजे बळीच्या जागचा, अशी समजूत. यजमान गणपती आणि शिमग्याला येतात. कोहळे बाकीच्या महिन्यांतही पिकतात. मी पहिली दोन वर्षं शेजारच्या शाळकरी मुलाला बोलावून घाव घालून घ्यायचे, तो घाबरत घाबरत टोचायचा. तिसर्‍या वर्षी स्वतःच घातला. वड्या झाल्या.

आणि ग्रहण. २४ ऑक्टोबर १९९५, ऐन दिवाळीतलं सूर्यग्रहण. मला सहावा महिना. सकाळभर अंधार्‍या खोलीत बसवलं होतं, सुरी, सुई, कात्री काही शिवायचं नाही, नाहीतर मुलाचा ओठ फाटतो. तहान लागली होती आणि पाणीही नाही. कोयतीला पाणी पाजणारं घर ते. पुढे दवाखान्यात विचारलं तेव्हा कळलं की बाळाचा ओठ पोटात पहिल्या दोनेक महिन्यांतच जुळून येतो, आणि ग्रहणातल्या विळीशी त्याचं काही नातं नाही. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाला पुतण्याची बायको तशीच पोटुशी होती. मी तिच्यापुढे विळी आडवी ठेवली, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि म्हटलं, चिरायची तर चीर, नाहीतर मी चिरते, पण पाणी पी. तिने पाणी प्यायलं. भाजी मीच चिरली, तिच्या आईचा फोन येणार होता.

दसर्‍याच्या दुसर्‍या दिवशी सकाळी हळद-कुंकू कोरड्या फडक्याने पुसून काढा, खोबरेलाचा हात फिरवा. कोयती पडवीत खुंटीला, धार भिंतीकडे, जमिनीपासून मुलांचा हात पोचणार नाही इतकी उंच. विळी आडवी. विळे भाताकडे. माडावर चढणार्‍या गड्याला आधी निरोप धाडा, कारण त्याची आकडी आणि कोयती तो घरून आणतो आणि त्याने त्या पुजल्या आहेत की नाही हे विचारल्याशिवाय मी त्याला माडावर चढू देत नाही. त्याला वाटतं मी फार देवभोळी. मी त्याची धार उन्हाकडे धरून बघत असते.